लार्नला जाताना: डिलन थॉमसच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ताव नदीच्या खाडीकाठी, लार्न नावाचं एक लहानसं गाव आहे. कवी डिलन थॉमस आयुष्याची शेवटची चार वर्षं सलग इथं राहिला आणि इथल्याच मातीत त्याला ठेवलं. ब्रिटनमध्ये राहणारी आपली माणसं, सुट्टीत त्यांच्याकडे आलेले आईबाबा, इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं, अशा बऱ्याच जणांना मी तिथं घेऊन गेले आहे. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

गावाच्या नावाचा उच्चार काय?

‘लार्न’. स्पेलिंगमध्ये मधे यू-जी-एच आहेत, ते बोलताना सोडून द्यायचे. बसचालकाला ‘लॉगहार्न’ म्हणालात तरी तो समजून घेईल. पाट्यांवर वेल्श नावही दिसेल, ‘तालाखार्न’. तिथला ‘ख’ घशातून काढायचा.

जायचं कसं?

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून स्वॉन्झीमार्गे कार्मार्थन. गाडी बहुधा स्वॉन्झीला बदलावी लागते आणि एकूण चार तास धरून चालावं. कार्मार्थनहून पेंडाइनकडे जाणारी २२२ नंबरची बस लार्नमध्ये थांबते. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे आगगाडीचं तिकीट काढण्याआधी बसचं वेळापत्रक बघा, नंतर नाही. रविवारी तर खासच.

स्वतःची गाडी असेल तर ए-४० रस्त्याने सेंट क्लिअर्स आणि तिथून डावीकडे ए-४०६६. शेवटचा तुकडा झाडीतून, वळणावळणाने खाली उतरतो. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. लंडनहून येणारे हे विसरतात.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना ब्रिटनचा नेहमीचा पर्यटक व्हिसा पुरतो. वेल्ससाठी वेगळं काही लागत नाही.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल ना?

येईल, पण नका येऊ. एवढं एकच ऐका. एक रात्र तरी राहा.

लार्नमध्ये ‘बघण्याची ठिकाणं’ तीन तासांत संपतात. घर, लिहायची खोली, किल्ला, कबर. फोटो निघतात आणि माणसं परततात. पण डिलन ज्याच्यापाशी राहायला आला ती खाडी तीन तासांत दिसत नाही. त्याच्या खिडकीखालचं पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि दोनदा पार निघून जातं. ओहोटीला मैलभर करडा, ओलसर, चमकणारा चिखल आणि मधून नदीचा एक बारीक ओहोळ. सहा तासांनी तिथंच भिंतीला लागलेलं पाणी. एकाच बाकावर बसून ही दोन्ही रूपं पाहिल्याशिवाय त्याच्या शेवटच्या कवितांतले पक्षी, पाणी, मृत्यू हे सगळं नुसतं शब्दांचं वैभव वाटत राहतं. पाहिल्यावर कळतं की तो समोरचं सांगत होता.

भरतीची वेळ कशी काढायची?

ब्रिटनमधल्या कुठल्याही भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा ॲपमध्ये टेन्बी शोधा. ते जवळचं बंदर. लार्न खाडीच्या आत असल्यामुळे इथं पाणी किंचित उशिरा चढतं. कोकणातल्यांना हे गणित सांगायला नको: दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, दुसऱ्या दिवशी भरती पाऊण-एक तास उशिरा, अमावास्या-पौर्णिमेनंतर उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. ब्रिस्टल चॅनलच्या पट्ट्यातली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. उधाणाच्या दिवसांत जमलं तर नक्की जा.

एक सावधगिरी. किल्ल्याखालचं वाहनतळ अगदी पाण्याच्या काठाला आहे आणि उधाणाला ते पाण्याखाली जातं. पहिल्या वेळी मी गाडी तिथं लावून निवांत चहा प्यायला गेले होते. परत आले तर पाणी डांबरावर चढून मागच्या टायरला लागलं होतं, फेसाच्या कडेला गवताच्या काड्या गोल फिरत होत्या. पायातले बूट हातात घेऊन गाडीपाशी पोचले. तिथं पाट्या लावलेल्या आहेत, मी वाचल्या नव्हत्या.

आणि ओहोटीला चिखलात उतरू नका. वरून टणक वाटतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि पाणी परतताना ओहोळांमधून मागून येतं.

बोटहाउसमध्ये नक्की काय आहे?

खडकाला चिकटून, पाण्यावर झुकलेलं पांढरं घर. १९४९च्या वसंतात डिलन, त्याची बायको केटलिन आणि मुलं इथं राहायला आली. घर घेऊन दिलं मार्गारेट टेलर यांनी, म्हणजे इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांच्या तेव्हाच्या पत्नीने. डिलनकडे घर घेण्याइतके पैसे कधीच नव्हते. आज तिथं संग्रहालय आहे: बैठकीची खोली, छायाचित्रं, त्याच्या आवाजातलं कवितावाचन, खाली चहाची जागा.

खोल्या लहान आहेत, छत बुटकं. मला त्या वस्तूंपेक्षा खालची गच्ची जास्त सांगावीशी वाटते. भरतीला पाणी तिच्या दगडांवर आपटतं आणि आवाज घरभर घुमतो. तीन मुलं, कर्ज, ओल, आणि दिवसरात्र हा आवाज. केटलिनने हे घर कसं चालवलं असेल, हा विचार तिथं उभं राहून जरूर करा. ती स्वतः नृत्यांगना होती.

उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात कमी असतात. निघण्याआधी तपासा.

लिहायच्या खोलीत आत जाता येतं का?

नाही, दाराच्या काचेतून पाहायचं. आणि तेच बरं आहे.

घराकडे जाणारी पायवाट कड्याच्या बाजूने जाते. तिला आता ‘डिलन्स वॉक’ म्हणतात. घराच्या थोडं अलीकडे, वाटेवरच, कड्यावर टेकलेली ही लाकडी खोली. मुळात ती मोटारगाडी ठेवायची शेड होती. आत त्याच्या काळासारखं मांडून ठेवलंय: टेबलावर कागद, जमिनीवर चुरगाळून टाकलेले कागदाचे बोळे, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, खुर्चीच्या पाठीवर कोट. जणू तो आत्ताच उठून गेलाय.

बहुतेक जण त्या कोटाचा फोटो काढतात. तुम्ही खिडकीकडे बघा. टेबल खिडकीशी आहे आणि बाहेर खाडी. एका अंगाला सर जॉन्स हिल ही झाडीची टेकडी, तिच्यावर घिरट्या घालणारा ससाणा त्याच्या एका कवितेत आहे. त्याच कवितेत खाली उथळ पाण्यात बगळा उभा राहून ससाण्याने मारलेल्या चिमण्यांचा शोक करतो. पलीकडच्या तीरावर ल्लानस्टेफनकडची टेकाडं. त्या मुलखात त्याच्या आईचं माहेर, आणि तिकडेच त्याच्या मावशीचं फर्न हिल नावाचं शेत, जिथं तो लहानपणी सुट्टीला जायचा आणि ज्याच्यावर त्याची सर्वांत लाडकी कविता आहे. म्हणजे मान वर केली की या माणसाला स्वतःचं बालपण पाण्यापलीकडे दिसत होतं. हे मला पुस्तकांतून कळलं नव्हतं, त्या दारापाशी उभं राहून नकाशा उलगडला तेव्हा कळलं.

मी त्याच्या कविता वाचलेल्या नाहीत. जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण आगगाडीत दोन-तीन वाचा. किंवा आधी ऐका. १९५२च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कमध्ये दोन तरुण मुलींनी नव्याने काढलेल्या कॅडमन कंपनीसाठी त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला. त्या ध्वनिमुद्रणात त्याची नाताळची गोष्ट आणि काही कविता आहेत. त्याचं इंग्रजी डोळ्यांनी वाचताना अवघड जातं, कानाने पटकन आत शिरतं. आपल्याकडे ओवी आधी ऐकली जाते, मग कळते, तसंच.

सुरुवातीला तीन पुरेत: फर्न हिलवरची, तिसाव्या वाढदिवसाची ‘पोएम इन ऑक्टोबर’, आणि वडिलांसाठी लिहिलेली ‘डू नॉट गो जेंटल इंटू दॅट गुड नाइट’. ही शेवटची १९५१मध्ये छापली गेली. एकोणीस ओळी, सगळ्या कवितेत यमकं फक्त दोन, आणि दोन ओळी आलटून पालटून परत येत राहतात. इतक्या घट्ट साच्यात एक मुलगा दृष्टी गमावत चाललेल्या वडिलांना सांगतोय की असे निमूट जाऊ नका. वडील स्वॉन्झीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर होते, निवृत्तीनंतर लार्नच्या मुख्य रस्त्यावरच्या ‘पेलिकन’ या घरात राहायचे. डिसेंबर १९५२मध्ये ते गेले. त्या घरासमोर क्षणभर थांबा. आत लोक राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावू नका.

तो दारू पिऊन मेला ना?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

तो खूप प्यायचा, हे खरं. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी न्यू यॉर्कच्या रुग्णालयात तो गेला, तेव्हा अवघा एकोणचाळीस वर्षांचा होता. ‘अठरा व्हिस्क्या प्यालो’ ही त्याची फुशारकी जगभर सांगितली जाते. शवविच्छेदनात न्यूमोनिया आढळला होता, आणि त्याला श्वासाचा त्रास होत असतानाही डॉक्टरांनी मॉर्फिन टोचलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. आजारी माणूस पैशासाठी अमेरिकेच्या चौथ्या दौऱ्यावर गेला होता, असं म्हणणं जास्त खरं होईल.

लार्नमधला त्याचा दिवस असा असे: सकाळी पेलिकनमध्ये वडिलांबरोबर शब्दकोडं, मग समोरच्या ब्राउन्स हॉटेलात बिअर आणि मालकीणबाईंकडून गावभरच्या गप्पा, जेवायला घरी, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या शेडमध्ये. रोज पाच तास. आपल्या समग्र कवितांच्या १९५२च्या पुस्तकासाठी त्याने एक पद्य-प्रस्तावना लिहिली. तिच्यात १०२ ओळी आहेत. पहिल्या ओळीचं यमक शेवटच्या ओळीशी जुळतं, दुसरीचं शेवटून दुसरीशी, असं आत सरकत सरकत मधल्या दोन ओळी एकमेकींना भेटतात. वाचताना हे कानाला कळतही नाही. नशेत असलेल्या माणसाकडून हे होत नाही. ब्राउन्समध्ये बसून जरूर काही प्या, ते अजून चालू आहे, पण त्याआधी शेडपाशी जा.

‘अंडर मिल्क वुड’मधलं गाव म्हणजे लार्नच का?

यावर वेल्समध्ये हिरिरीने वाद होतात. ‘अंडर मिल्क वुड’ हे आवाजांसाठी लिहिलेलं नाटक. एका किनाऱ्यावरच्या गावाची एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा रात्र. गावाचं नाव ल्लारेगब. वेल्श वाटतं, पण उलटं वाचलं की एक इंग्रजी शिवी निघते. उत्तरेकडे कार्डिगन उपसागरावर न्यू की नावाचं गाव आहे, तिथं तो १९४४-४५मध्ये राहिला होता. उताराचे रस्ते, बंदर, निवृत्त खलाशी तिथले वाटतात. लार्नकडून माणसं, बोलण्याची ढब आणि गावगप्पा आल्या. माझं मत विचाराल तर भूगोल न्यू कीचा, कान लार्नचा.

त्याने स्वतः ते १४ मे १९५३ रोजी न्यू यॉर्कच्या रंगमंचावर इतर नटांबरोबर सादर केलं. बीबीसीवर ते आलं २५ जानेवारी १९५४ला, रिचर्ड बर्टनच्या आवाजात. तोवर तो गेला होता. त्यावरच्या १९७२च्या चित्रपटाचं चित्रीकरण फिशगार्डला झालं, लार्नला नाही. तेव्हा सिनेमातला बंदराचा धक्का इथं शोधू नका.

वाढदिवसाची वाट म्हणजे काय?

किल्ल्याच्या पायथ्यापासून सुरू होऊन सर जॉन्स हिलच्या अंगाने वर जाणारी, साधारण दोन मैलांची पायवाट. ज्या कवितेत तो तिसाव्या वाढदिवशी पहाटे गावाबाहेर टेकडीवर चढतो, त्या ‘पोएम इन ऑक्टोबर’चा माग हिच्यावरून काढता येतो. मधे मधे बाक आणि फलक आहेत, त्यांवर त्या कवितेच्या ओळी. वर चढून मागे वळलं की किल्ला, खाडी आणि चर्च एका नजरेत येतं. पावसानंतर घसरडी असते, चपला-सँडल नकोत. त्याचा वाढदिवस २७ ऑक्टोबर. त्या सुमारास गेलात तर कवितेतलंच हवामान मिळेल, म्हणजे पाऊसही.

कबर कुठे आहे?

गावाच्या वरच्या अंगाला सेंट मार्टिन चर्च. जुन्या दफनभूमीतून पुढे छोटा पूल ओलांडला की नवा भाग. तिथं काळ्या-करड्या दगडांमध्ये एकच साधा पांढरा लाकडी क्रूस. पुढच्या बाजूला त्याचं नाव.

मागे जा. क्रूसाच्या मागच्या बाजूला केटलिनचं नाव आहे. त्याच्यानंतर चाळीस वर्षं ती जगली, इटलीत राहिली, १९९४मध्ये सिसिलीत वारली आणि तिला इथं आणून त्याच्याजवळ ठेवलं. पुढून फोटो काढून परतणाऱ्यांना हे दिसतच नाही. लोक क्रूसापाशी पेनं, खडे, कधी बाटलीही ठेवतात. तुम्हाला काही ठेवायचं असेल तर फुलं ठेवा.

किल्ला पाहण्यासारखा आहे का?

आहे. मूळ नॉर्मन, नंतर सोळाव्या शतकात सर जॉन पेरट यांनी त्याचा वाडा केला, आता भग्न. इंग्रज चित्रकार टर्नरने याचं चित्र काढलंय. बागेच्या तटावर खाडीकडे तोंड करून एक बसायची बंगली आहे. किल्ल्याजवळच्या घरात राहणारे कादंबरीकार रिचर्ड ह्यूज तिथं लिहीत, आणि त्यांच्या परवानगीने तरुण डिलनही तिथं बसून लिहायचा. शेडच्या आधीची ही त्याची खाडीकाठची जागा.

गावात अजून काही?

लार्नला मध्ययुगीन सनदेनुसार चालणारी ‘कॉर्पोरेशन’ आहे, तेराव्या शतकाच्या अखेरची. असं ब्रिटनमध्ये आता जवळजवळ कुठे उरलेलं नाही. तिच्या प्रमुखाला पोर्टरीव्ह म्हणतात आणि त्याच्या गळ्यातल्या साखळीत सोन्याच्या शिंपल्या असतात. गाव शिंपल्यांवर जगलं, त्याची ही खूण.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ नावावर जाऊ नका, त्यात चीज आणि लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) असतं, मांस नाही. ‘बारा ब्रिथ’ म्हणजे चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, आणि तव्यावर भाजलेले वेल्श केक. दोन्ही चहाबरोबर छान. ‘कॉउल’ हे सूप मात्र बहुधा मांसाचं असतं. ‘लेव्हरब्रेड’ समुद्री शेवाळाचं, पण ते बरेचदा बेकनच्या चरबीत परततात, विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी कॉकल खावेत. आपल्या तिसऱ्यांच्याच गोतातले, इथं व्हिनेगर आणि मिरपूड घालून देतात. लहान गाव आहे, संध्याकाळी स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. मी डब्यात थेपले आणि लिंबाचं लोणचं ठेवतेच.

वेल्श भाषा यायला हवी का?

नाही. लार्न पूर्वीपासून इंग्रजी बोलणारं गाव आहे. डिलनलाही वेल्श येत नव्हतं, आईवडिलांना यायचं. ‘दियोल्ख’ म्हणजे धन्यवाद, एवढं म्हणा. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अराव’ रंगवलेलं दिसेल, त्याचा अर्थ ‘हळू’. डिलनचं नाव वेल्श पुराणकथांतून आलं, जन्मताच समुद्रात शिरलेल्या एका मुलाचं. वेल्श उच्चार ‘डुलन’कडे झुकतो, त्याला ‘डिलन’ आवडायचं.

आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल?

किल्ल्याखालचा काठ आणि गावातला मुख्य रस्ता झेपतो. शेडपर्यंतची वाट अरुंद आहे पण सावकाश जाता येतं. बोटहाउसला मात्र बऱ्याच उभ्या पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या. बाबा शेडपाशी थांबले, आई खाली जाऊन आली, असं आम्ही एकदा केलं. बाबांनी त्या तासाभरात एकाच बगळ्याला चार मासे पकडताना पाहिलं आणि संध्याकाळभर तेच सांगत होते.

मुलं कंटाळली तर?

पाच मैलांवर पेंडाइनची पुळण आहे, सात मैल लांब, सपाट आणि कठीण. १९२०च्या दशकात इथं मोटारींच्या वेगाचे जागतिक विक्रम झाले. १९२७मध्ये शर्यतपटू पॅरी-थॉमस ‘बॅब्ज’ ही गाडी पळवताना इथंच मरण पावला. गाडी वाळूत पुरली गेली आणि १९६९मध्ये उकरून काढून दुरुस्त केली. तिथं आता वेगाचं संग्रहालय आहे. किनाऱ्याचा काही भाग लष्कराच्या ताब्यात असतो, लाल निशाण दिसलं तर पुढे जाऊ नका.

स्वॉन्झीलाही थांबावं का?

वेळ असेल तर हो. तिथल्या ५, कमडॉन्किन ड्राइव्ह या उतारावरच्या घरात १९१४ साली तो जन्मला. घर त्या वर्षीसारखं सजवलंय आणि बघता येतं. जवळच त्याच्या कवितांतली बाग आहे.

एकच रात्र आहे. ती कशी घालवू?

जेवून किल्ल्याखाली काठावर जा. टॉर्च ठेवा, पण तिथं पोचल्यावर बंद करा. ओहोटी असेल तर आधी काहीच ऐकू येणार नाही, मग चिखलातून पाणी झिरपल्याचा बारीक आवाज आणि लांबून कर्ल्यू पक्ष्याची शीळ, खालून वर चढत जाणारी. मागे गावातले दिवे एकेक करून जातात. तक्त्यात पहाटेच्या भरतीची वेळ बघून ठेवा, गजर लावा आणि उजाडताना शेडकडच्या वाटेवर असा. त्या वेळी तिथं कोणी नसतं, आणि पाणी भिंतीला लागलेलं असतं.